एकदा बसवा, सगळ्यांना द्या



अहिल्यानगर, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, लोणी. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावांतली विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. या विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या गणित प्रात्यक्षिकांत आता मॅक्झिमा हे गणिताचं सॉफ्टवेअर आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आली आहे. ही फार चांगली गोष्ट झाली. गणिताचा विद्यार्थी फळ्यावरचं उतरवून घेण्यावर न थांबता आकडे खेळवून बघू लागला, तर त्याची भीती जाते.

याचं एक उदाहरण बघा. देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर सरांचा स्थिरांक आपल्याला माहीत आहे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, आणि वजाबाकी करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच येते. शाळेत शिकवता शिकवता कागद-पेन्सिलीवर आकडेमोड करणाऱ्या या माणसाला हे १९४९ मध्ये सापडलं. आज पायथनच्या पंधरा-वीस ओळी लिहिल्या, की सगळ्या चार अंकी संख्या क्षणात तपासून होतात. मग विद्यार्थी आपणहून विचारतो, पाच अंकांचं काय होईल? हा प्रश्न मला लाखमोलाचा वाटतो.

पण त्याच्याआधी सॉफ्टवेअर चालू व्हावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं. मॅक्झिमा एकटं असेल तर विंडोजवर सहज बसतं. सगळं एकत्र देणाऱ्या सेजमॅथचं तसं नाही. अमेरिकेतले गणितज्ञ विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेली ही मोफत प्रणाली मॅक्झिमा, गॅप, पारी अशा शंभराच्या आसपास मुक्त सॉफ्टवेअरना एका छताखाली आणते. मॅथेमॅटिका, मेपल, मॅटलॅब यांना पैसे न मोजता पर्याय मिळावा, हा तिचा उद्देश. मात्र ती मुळात लिनक्सच्या वळणाची आहे. मूळ कोडपासून बांधायची म्हटली तर साध्या संगणकावर कित्येक तास जातात, आणि एखादा घटक चुकीच्या आवृत्तीचा निघाला की सगळं मुसळ केरात.

म्हणून विंडोज वापरणाऱ्यांसाठी सेजच्या मंडळींनी बरीच वर्षं एक वेगळी वाट ठेवली होती. सेज आधीच बसवलेला अख्खा लिनक्स संगणकच ते एका फाइलमध्ये देत. ती फाइल व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या मोफत प्रोग्रामनं उघडायची. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपल्या संगणकाची थोडी मेमरी, थोडी डिस्क घेऊन आत दुसरा संगणक चालतो. विंडोजला धक्का लागत नाही. ही कल्पना जुनी आहे, आयबीएमनं १९७२ मध्येच मोठ्या यंत्रांवर ती बाजारात आणली होती. २०१७ मध्ये सेजचा थेट विंडोजवर बसणारा इन्स्टॉलर आला, पुढे तोही बंद झाला. आज विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याच्या सोयीतून, सेज चालवतात, आणि डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पोटातही व्हर्च्युअल मशीनच आहे.

आपल्या लॅबसाठी मला यातली जुनी वाटच पसंत आहे. एका शिक्षकानं एका संगणकावर व्हर्च्युअलबॉक्सच्या आत लिनक्स, सेज, मॅक्झिमा, पायथन नीट बसवावं, प्रात्यक्षिकांच्या फाइली आत ठेवाव्यात आणि एक्स्पोर्ट अप्लायन्स हा पर्याय वापरून सगळ्याची एक फाइल काढावी. चांगलं विरजण एका घरी लागलं की वाडाभर फिरतं, तशी ती फाइल मग लॅबभर आणि विद्यार्थ्यांच्या घरी फिरते. सगळ्यांकडे आवृत्ती एकच, उत्तराची मांडणी एकच. प्रत्येक संगणकाला इंटरनेटही लागत नाही, आणि खेड्यावरून येणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीनं याचं मोल मोठं आहे.

बारीक अडचणी आहेत, त्या आधीच सांगतो. फाइल बहुधा चार जीबीच्या वर जाते आणि फॅट ३२ पद्धतीचा पेन ड्राइव्ह ती घेतच नाही. जागा शिल्लक असूनही कॉपी नाकारली जाते. तेव्हा आतल्या फाइली दुसरीकडे ठेवून पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. मशीन सुरूच होत नसेल तर बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय चालू आहे का ते बघा. पुष्कळ संगणकांत तो बंद असतो. संगणकाची मेमरी आठ जीबी असेल तर त्यातली चार मशीनला द्या. चारच असेल तर दोन द्या आणि आत एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप ठेवा. चालेल, पण सावकाश. आणि सगळं नीट झालं की लगेच स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मशीनची ती स्थिती जपून ठेवा. मध्येच वीज गेली किंवा कुणी आतलं काही बिघडवलं, तर एका क्लिकवर मशीन पूर्वीच्या स्थितीत येतं. ज्या लॅबला पूर्णवेळ तंत्रज्ञ नाही, तिथे या एका सोयीसाठीसुद्धा मी व्हर्च्युअल मशीन घेईन.

शिकवायला मराठीत साहित्य नाही, ही सबबही उरलेली नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि सायलॅब या मोफत गणिती सॉफ्टवेअरचे पाठ मराठी निवेदनासह मोफत मिळतात.

माझी शिक्षकमित्रांना विनंती आहे. सत्र सुरू होण्याआधी दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून असं एक मशीन तयार करावं, दुसऱ्या एखाद्या जुन्या संगणकावर ते चालवून बघावं आणि मगच वाटावं. विद्यार्थ्यांनो, तुमच्या लॅबमध्ये ते आलं, तर एक प्रत मागून घरी न्या. ती देण्याघेण्यात कसलाही परवानाभंग होत नाही. हे सगळं सॉफ्टवेअर मुळात वाटण्यासाठीच लिहिलेलं आहे.