पुढचा एक दात, मागचे तीन

मोटारसायकलच्या दुनियेत एक स्वस्त उपाय तोंडोतोंडी सांगितला जातो. पुढचं स्पॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एका दाताने लहान करा, पिकअप वाढेल. एका दाताने मोठं करा, अॅव्हरेज वाढेल. सांगणारा खोटं बोलत नसतो, पण अर्धंच सांगत असतो. आधी आकडे पाहू. चाकणला तयार झालेली ३७३ सीसीची केटीएम ड्यूक ३९० घ्या. तिच्या पुढच्या स्पॉकेटला १५ दात, मागच्याला ४५. म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दांडा तीन वेळा फिरला की मागचं चाक एकदा फिरतं. पुढे १४ दातांचं बसवलं तर हे प्रमाण तीनऐवजी ३.२१ होतं. तेवढाच फरक मागच्या बाजूने साधायचा तर तिथे तीन दात वाढवावे लागतात, ४५ चे ४८. पुढचं स्पॉकेट लहान, म्हणून तिथला एकेक दात भारी पडतो. आणि ते स्वस्तही असतं, म्हणून बहुतेकांचा हात आधी तिकडे जातो.

या बदलाने मिळतं काय? इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचताना प्रत्येक गिअरमध्ये सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. पण त्याच आरपीएमला गाडीचा वेग साधारण तेवढाच घटतो. जोर आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि ती होती तेवढीच राहते. दात मोजून हॉर्सपॉवर वाढत नाही. आता ड्यूकचाच गिअरबॉक्स पाहिला, तर सहाव्या आणि पाचव्या गिअरमधलं अंतर जवळपास चौदा टक्के आहे. म्हणजे पुढचा एक दात साधारण अर्ध्या गिअरइतका. यावर कोणी विचारेल, मग डाव्या पायाने एक गिअर खाली टाकला की काम भागत नाही का? भागतं, आणि माझा सगळा मुद्दा या प्रश्नातच आहे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरमध्ये हवी असलेली ओढ शेजारच्या गिअरमध्ये फुकट मिळते. फुकट मिळत नाही ती फक्त दोन टोकांना : पहिल्याच्या खाली गिअर नाही आणि शेवटच्याच्या वर गिअर नाही. स्पॉकेट बदलायचं की नाही, हे या दोन टोकांवर ठरवायचं. मधल्या गिअरांची तक्रार असेल तर बहुधा सवय बदलावी लागेल, सुटा भाग नाही.

खालचं टोक आधी घेऊ, कारण खरी गरज तिथे जास्त वेळा दिसते. पंधरा दातांवर ही गाडी पहिल्या गिअरमध्ये १,६०० आरपीएमला ताशी साडेआठ किलोमीटरच्या सुमारास चालते. ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या घाटात मागे माणूस, वर सामान, पुढे रखडत चढणारा ट्रक अशा वेळी त्याहून हळू जायचं तर क्लच अर्धा दाबून धरावा लागतो. क्लचप्लेट तापतात, झिजतात. चौदा दातांवर हीच गाडी आठवर उतरते. अर्धा किलोमीटर हा फरक ऐकायला किरकोळ, पण क्लच पूर्ण सोडता येतो की नाही हे अशाच काठावर ठरतं. हिमालयन ४११ या मोटारसायकलचे मालक दगडधोंड्यांच्या वाटेसाठी पंधराचं काढून चौदाचं बसवतात, तेही याच हिशेबाने.

कंपनीच्या इंजिनिअरांपेक्षा आपण शहाणे का, हा आक्षेप यावर हमखास येतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. पण कंपनीला एकच प्रमाण निवडून ते एकट्या सपाट रस्त्यावरच्या स्वारालाही द्यायचं असतं आणि घाटात डबलसीट जाणाऱ्यालाही. शिवाय धुराच्या, इंधनाच्या आणि आवाजाच्या चाचण्या उत्तीर्ण व्हायच्या असतात, जिथे कमी आरपीएम सोयीचे ठरतात. ती तडजोड चुकीची नसते; ती तुमच्या रस्त्यासाठी केलेली नसते, इतकंच. शर्यतीतल्या लोकांना याचं कोडं कधी पडलं नाही. स्पीडवे शर्यतीच्या पाचशे सीसी गाड्यांना ब्रेक नसतात आणि धावताना बदलायला गिअर नसतात, म्हणून तिथे ट्रॅकची लांबी आणि माती पाहून मागचं स्पॉकेट बदलणं हे रोजचं काम आहे. एकच गिअर असला की दोन्ही टोकं तोच.

आता वरचं टोक, म्हणजे मोठं स्पॉकेट आणि अॅव्हरेज. शंभराच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये ड्यूकचं इंजिन ५,८०० च्या आसपास फिरतं. सोळा दातांवर ते साडेपाच हजारांच्या जवळ येईल. इंजिनाचं आतलं घर्षण कमी होतं, थ्रॉटल थोडा जास्त उघडा राहतो, पेट्रोल वाचतं हे खरं. पण फेरे सहा टक्क्यांनी घटले म्हणून पेट्रोल सहा टक्के वाचत नाही, कारण हवा कापायला आणि टायर लोळवायला लागणारं काम तेवढंच असतं. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते; ऐंशीवरून शंभरावर गेलं की ती जवळपास दुप्पट होते. लहान इंजिनाच्या गाडीला हे फार झोंबतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला मोठं स्पॉकेट लावलं, तर समोरून वारा आला की शेवटचा गिअर ओढेनासा होतो आणि एक गिअर खाली टाकल्यावर ती उलट जोरात पळते. मग पैसे देऊन आणलेला तो उंच गिअर नुसता शोभेला उरतो.

लहान स्पॉकेटने टॉप स्पीड जाईल, ही भीतीही याच टोकाची. आपल्याकडे चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलला कमाल ऐंशीची मर्यादा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकीला बंदच आहेत. ऐंशीला चौदा दातांवर ड्यूकच्या इंजिनाचे फेरे पाच हजार होतात, पंधरावर ४,७०० होते. ज्या वेगाला कायदा आणि रस्ता दोन्ही पोचू देत नाहीत, तो गमावल्याचं दुःख किती करायचं?

लहान स्पॉकेटची किंमत मोजावी लागते ती चेनला. स्पॉकेटवर चेन वर्तुळात नाही, बहुभुजात फिरते, त्यामुळे तिचा वेग दर दाताला किंचित कमीजास्त होतो : पंधरा दातांवर सुमारे २.२ टक्के, चौदावर अडीच, तेरावर २.९. कड्या जास्त वाकतात, झीज वाढते. म्हणून एका दातापर्यंत ठीक. त्याहून जास्त हवं असेल तर मागचं स्पॉकेट मोठं करावं. त्यात तीन दातांना चाकाचा आस जवळपास १२ मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो, तेवढी जागा नसेल तर चेन लांब आणावी लागते. जुन्या ताणलेल्या चेनवर नवं स्पॉकेट चढवू नये.

आणि मीटर. पुढच्या चाकावरून वेग मोजणाऱ्या गाडीत काही बिघडत नाही. पण सेन्सर गिअरबॉक्सजवळ असेल तर चौदा दातांवर खरा वेग ९३ असताना मीटर शंभर दाखवतं, आणि किलोमीटरही त्याच हिशेबाने फुगवून मोजतं. अशी गाडी घेऊन टाकी-टू-टाकी अॅव्हरेज काढणाऱ्याला लहान स्पॉकेटवर अॅव्हरेज सुधारल्याचं दिसेल, मोठ्यावर बिघडल्याचं. त्यामुळे कोणी छातीठोकपणे आकडा सांगितला, तर आधी त्याच्या गाडीचा सेन्सर कुठे आहे ते विचारा.