औषधाला दाद न देणारे जंतू

आमच्या शेजारच्या आजींना हुडहुडी भरून ताप आला. लघवीला जळजळ. दुकानातून विचारून आणलेल्या गोळ्या झाल्या, मग दुसऱ्या झाल्या. ताप उतरे नि पुन्हा चढे. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी मागितली ती निर्जंतुक बाटलीत लघवी. मुलगा वैतागला : “औषध द्यायचं सोडून ही तपासणी कसली?”

त्या बाटलीचे पुढे काय होते, ते ऐकण्यासारखे आहे. समुद्रशेवाळापासून काढलेला अगर नावाचा पदार्थ जंतूंच्या खाद्यासह काचेच्या बशीत खरवसासारखा थिजवतात. त्यावर नमुना पसरून रात्रभर उबेत ठेवला, की जंतूंचे ठिपके उमटतात. त्यांतले जंतू दुसऱ्या बशीवर सारवल्यासारखे पसरतात आणि वर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवतात. ३५ अंश सेल्सिअसची ऊब, १६ ते १८ तास. जंतू मरणारे असतील तर टिकलीभोवती स्वच्छ कडे दिसते. निगरगट्ट असतील तर थेट टिकलीला भिडून वाढतात! कड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडतात. मोठे कडे म्हणजे जालीम औषध, असे मात्र समजू नका. प्रत्येक औषध अगरमध्ये सारखे पसरत नाही, म्हणून प्रत्येकाचे माप वेगळे. अमेरिकेत बाउअर, कर्बी आदींनी १९६६ साली ही रीत पक्की बसवून दिली. ती आजही चालते.

म्हणजे दोन-तीन दिवस गेलेच. रोगी अत्यवस्थ असेल तर डॉक्टर थांबत नाहीत. नमुना घेऊन अंदाजाने औषध सुरू करतात व अहवाल आला की बदलतात. पण नमुना आधी, औषध मागून. आधीच गोळी पोटात गेली, तर जंतू अर्धमेले होऊन बशीवर उगवतच नाहीत, आणि चोर सापडत नाही. क्षयाचे जंतू तर आठवडेच्या आठवडे घेतात. त्यांच्यासाठी बेडक्यातील जंतूंची जनुके तपासून रिफाम्पिसिन चालेल की नाही हे सुमारे दोन तासांत सांगणारे यंत्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली त्याची शिफारस केली. मात्र बेडका छातीतून खाकरून काढलेला हवा, नुसती थुंकी नव्हे.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनेच १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता.

आजींचा कागद आला. घेतलेल्या दोन्ही गोळ्यांपुढे ‘आर’ होता, म्हणजे दाद नाही. तिसऱ्या एका इंजेक्शनापुढे ‘एस’. तेच सुरू झाले, आणि मुलाने उरलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या टेबलावर आणून ठेवल्या.