डॅप्सोनची गोळी आणि तांबडी पेशी

सिंदीकर मंडळी, आजचा विषय लहान मुलांच्या रक्ताचा असला, तरी सुरुवात कुष्ठरोगापासून करतो. आपल्या वर्धा जिल्ह्यात ते ओघानेच येते. मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम उभे केले. पुढे १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन आले आणि गावोगाव पाहणी, लोकशिक्षण, उपचार ही पद्धत रुळली. त्या उपचारातले औषध होते डॅप्सोन.

हेच स्वस्त डॅप्सोन आज कधीकधी आयटीपी झालेल्या मुलांना देतात. या आजारात शरीर स्वतःच्याच प्लेटलेटवर प्रतिपिंडे चिकटवते आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्या गिळतात. दीड लाखाच्या वर असायला हव्यात त्या प्लेटलेट काही हजारांवर येतात. अंगावर लाल ठिपके, निळे डाग उठतात. बहुतेक मुले सहा महिन्यांत आपोआप बरी होतात. आईबाप तोवर अर्धे होतात, ते वेगळे! आजार रेंगाळला आणि नेहमीची औषधे पुरली नाहीत, तरच डॅप्सोनचा विचार होतो.

ते काम कसे करते? एक तर्क मला फार आवडतो. डॅप्सोनमुळे तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो आणि त्यांतल्या थोड्या मोडतात. प्लीहा तो कचरा उचलण्यात गुंतते आणि प्लेटलेट वाचतात. म्हणजे औषधाचा दोष हाच त्याचा गुण!

पण ‘थोड्या मोडतात’ हे सांभाळते कोण? जी-सिक्स-पीडी नावाचे विकर. ते एनएडीपीएच तयार करवते, त्यावर ग्लुटाथायोन ताजे राहते आणि ते ऑक्सिडीकरणाचा मारा झेलते. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, नवे विकर घडवता येत नाही. निघताना बांधून दिलेल्या शिदोरीवर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. ही शिदोरीच जन्मतः तोकडी असली, तर पेशी भराभर फुटतात: डोळे पिवळे, लघवी काळपट, मूल पांढरेफटक. मलेरियाच्या प्रायमाक्विनमुळे हे घडते, त्यामागे हीच उणीव आहे, हे १९५६ मध्ये कळले. जगात चाळीस कोटींहून अधिक लोकांत ती आहे. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुलग्यांना जास्त. तिच्या एका प्रकाराच्या नावात तर आपले कल्याण आहे: केरळ-कल्याण.

गोंधळ इथेच होतो. आयटीपीच्या काही मुलांत प्रतिपिंडे तांबड्या पेशींवरही उलटतात आणि चित्र हुबेहूब असेच दिसते. तिथे पेशींवरची ही प्रतिपिंडे शोधणारी कूम्ब्स चाचणी सहसा पॉझिटिव्ह येते. विकराच्या उणिवेत ती निगेटिव्ह असते. उपचारही निराळे: एकात प्रतिकारशक्ती आवरायची, दुसऱ्यात आधी गोळी थांबवायची.

म्हणून डॅप्सोन लिहून देण्याआधीच जी-सिक्स-पीडी तपासून घ्या, असे डॉक्टरांना जरूर म्हणा. भिडस्तपणा नको. पेशी फुटत असताना केलेली तपासणी फसवी ठरू शकते. जुन्या, कमी विकराच्या पेशी आधीच गेलेल्या असतात. उरलेल्या कोवळ्या पेशींत ते जास्त असते, म्हणून अहवाल ‘नॉर्मल’ येतो. अशा मुलाची तपासणी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते.