माळ्यावरच्या सीडी आणि दुभाषी
(मंडळाच्या संगणक गटाने सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बरकतपुऱ्यातल्या आपल्या घरांत माळ्यावर एक डबा हमखास सापडतो. त्यात लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट आणि त्यांच्याखाली मुलांच्या खेळांच्या सीडी. मुलं आता अमेरिकेत, नाहीतर गच्चीबावलीत. नातवंडं सुट्टीत आली की डबा खाली उतरतो, आणि नव्या लॅपटॉपवर खेळ सुरूच होत नाही. दुसरीकडे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चं सर्वसाधारण पाठबळ संपलं आणि चांगले चालते संगणक भंगारात निघू लागले. जुना खेळ आणि जुना संगणक, दोन्ही वाचवता येतात. मात्र दोन्हींचा उपाय एक नाही, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

खेळ स्वतः चित्र काढत नाही. तो ग्राफिक्स कार्डाला हुकूम सोडतो: इथे त्रिकोण काढ, त्यावर हा रंग चढव. हे हुकूम ठरलेल्या भाषांत असतात. १९९२ साली ओपनजीएल आली, मग मायक्रोसॉफ्टची डायरेक्टथ्रीडी, आणि २०१६मध्ये वल्कन. कार्डाला यातलं काहीच थेट कळत नाही, ते त्याला ड्रायव्हर समजावतो. म्हणजे जितक्या जातीची कार्डं तितके ड्रायव्हर, आणि प्रत्येकाने सगळ्या जुन्या भाषा शिकायच्या. हे कोण किती वर्षं करत बसणार?

हैदराबादकरांना भाषेचा असा पेच नवा नाही. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकवायचं ठरलं, तेव्हा १९१७ साली दार-उत-तर्जुमा स्थापन झालं आणि शास्त्र, कायदा, इतिहास अशा विषयांची पुस्तकं उर्दूत आणली गेली. घरी मराठी बोलणारे आपले कितीतरी वाडवडील तिथे उर्दूतून शिकले. पण ते एकेका पुस्तकाचं भाषांतर होतं. जुने खेळ असे एकेक करून नव्याने लिहायचे, तर ते बनवणाऱ्या किती कंपन्या आज उरल्या आहेत? म्हणून इथे भाषांतरकार नको, कचेरीत बसणारा दुभाषी हवा. कुणीही येवो, त्याचं बोलणं जागच्या जागी साहेबाला सांगणारा.

असे दोन दुभाषी महत्त्वाचे. फिलिप रेबोले यांचा डीएक्सव्हीके डायरेक्टथ्रीडीचं वल्कन करतो. २०१८मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवण्यासाठी प्रोटॉन आणलं, त्यात तो आहे. त्याच वर्षी एरिक फाये-लुंड यांनी जाहीर केलेला झिंक ओपनजीएलचं वल्कन करतो. मग ड्रायव्हरला एक वल्कन पक्की आली की पुरे. झिंक ज्या मेसा प्रकल्पात आहे तो १९९३ साली ब्रायन पॉल यांनी सुरू केला. त्याचा सगळा कोड खुला आहे, त्यामुळे एकाने केलेली दुरुस्ती सर्वांना मिळते. मे २०२५च्या मेसा २५.१पासून एनव्हिडियाच्या ट्युरिंग आणि नंतरच्या कार्डांवर, खुला ड्रायव्हर वापरला तर ओपनजीएलचं काम मुळातच झिंककडे जातं. हे फक्त लिनक्सवाल्यांचं खूळ नाही बरं का! इंटेलनेही आपल्या आर्क कार्डांसाठी विंडोजवर काही जुन्या खेळांना डीएक्सव्हीकेचा आधार घेतला.

दुभाषी थोडा वेळ खातोच. व्यासांनी गणपतीला अट घातली होती, अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. मग कूट श्लोक आला की लेखणी क्षणभर थांबायची. इथेही तसंच. खेळात नवं पाणी, नवी सावली आली की तिचा हुकूम उलगडेपर्यंत चित्र अडखळतं. एकदा उलगडलेलं जपून ठेवलं जातं, म्हणून दुसऱ्या वेळी ते सहसा अडखळत नाही. नातवाला एवढं आधी सांगून ठेवा, नाहीतर तो लगेच बंद करून मोकळा होईल.

आता जुन्या संगणकाचं. तिथे हा उपाय लागू नाही, कारण त्याच्या कार्डाला वल्कनच येत नाही किंवा अर्धवट येते. डीएक्सव्हीकेची २.० आवृत्ती २०२२मध्ये आली, तेव्हापासून तिला वल्कन १.३ लागतं. २०१२च्या सुमाराच्या इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सला ते जमत नाही. तिथे उलटा रस्ता घ्यायचा: वाइनमधला जुना दुभाषी डायरेक्टथ्रीडीचं ओपनजीएल करतो, आणि ओपनजीएल त्या ग्राफिक्सला मेसाच्या क्रोकस ड्रायव्हरमुळे अजून येते. त्याहून म्हाताऱ्या काही कार्डांचे ड्रायव्हर मेसाने २०२१मध्ये मुख्य झाडावरून काढून ‘अँबर’ नावाच्या वेगळ्या फांदीवर ठेवले. विकासकांचा भार हलका झाला हे खरं, पण अशा कार्डांसाठी आता नवं फारसं काही होणार नाही. आमच्या मते असा संगणक पत्रं लिहायला, हिशेब ठेवायला वापरावा. खेळांचा हट्ट धरू नये.

तेव्हा दुकानदार ‘टाकून द्या’ म्हणाला, तरी आधी ग्राफिक्सचं नाव आणि साल कागदावर लिहून आमच्याकडे या. वल्कन १.३ येत असेल तर पहिला रस्ता, नसेल तर दुसरा. सीडी आणताना खोकंही आणा, नोंदणी क्रमांक बहुधा त्याच्यावरच असतो. आणि काही सीडींवर नक्कल रोखण्याचं कुलूप असतं, जे विंडोज १०नेही नाकारलं होतं. ते चित्रांच्या भाषेचं दुखणं नव्हे, तिथे आमच्या दुभाष्याचं काही चालत नाही. अशा सीडी वेगळ्या पिशवीत ठेवा.