जमीनच बोलू लागते तेव्हा

कोकणातला जांभा पाहिला आहे ना आपण? तशीच तांबडी, लोहमय जमीन कंबोडियात पुष्कळ ठिकाणी आहे. आणि १९८०च्या दशकातल्या लढाईत पेरलेले सुरुंग अजून तिच्या पोटात आहेत. काही प्लॅस्टिकच्या सुरुंगांत धातू असतो जेमतेम ग्रॅमभर. धातुशोधक यंत्राचे वेटोळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत वीज खेळते, यंत्र वाजते. पण जांभ्यातले सूक्ष्म लोहकणही क्षणभर चुंबकत्व धरतात, मग सावकाश सोडतात. झालं! रिकामी जमीनच वाजू लागते. यंत्र मंद करावे, तर सुरुंग कळायचाच नाही. न करावे, तर प्रत्येक आवाजाला गुडघे टेकून माती खरवडायची. म्हणून निर्धोक जागी वेटोळे खालीवर करून यंत्राला आधी त्या मातीची सवय लावतात. पुढे माती बदलली, की पुन्हा तेच.