वाळूतली वस्ती

मी भिलाईहून बोलतोय. पायदळात नोकरी केली, निवृत्त झालो, आणि आता दर शनिवारी इथल्या एका प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर दोन तास हातकाम करतो. मी शिक्षक नाही, चित्रकार तर नाहीच. पदवी वाणिज्य शाखेची. तेव्हा जे करून पाहिलं तेवढंच सांगतो.

आधी एक तक्रार ऐकून घ्या. प्राथमिक शाळेत 'क्राफ्ट' म्हटलं की बाजारातून छापील आकृती आणायची, मुलांनी रेघेवर कापायची, सांगितलेल्या जागी चिकटवायची. तासाच्या शेवटी भिंतीवर तीस मोर, तिसांचेही पिसारे सारखे. आता एकसारखेपणाची माझी हौस परेड मैदानावर पुरेपूर भागली आहे. मुलांकडून मला तो नको. आणि 'प्रोजेक्ट' घरी दिला तर तो कोण करतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. रात्री अकरा वाजता आई थर्माकोल कापत असते आणि ज्याचा प्रोजेक्ट तो झोपलेला असतो.

व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे एक कलाशिक्षक होते. मूळचे ऑस्ट्रियाचे, पुढे अमेरिकेत गेले. मुलांची चित्रं कशी वाढत जातात यावर त्यांचं 1947 सालचं पुस्तक आहे. सात-आठ वर्षांचं मूल आजीला घरापेक्षा मोठी काढतं, कारण त्याच्या लेखी ती मोठी असते. भिंत असूनही आतली खाट दाखवतं, कारण खाट आत आहे हे त्याला माहीत असतं. नवव्या वर्षाच्या आसपास ते आपलं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहू लागतं, आणि 'मला येत नाही' हे वाक्य तिथून सुरू होतं. म्हणजे तिसरी-चौथी हा नाजूक काळ. नेमका त्याच वेळी आपण छापील मोर पुढे ठेवतो.

मला लष्करातलं एकच हातकाम येत होतं, सँड मॉडेल. कारवाईपूर्वी जमिनीवर वाळूत त्या मुलखाची प्रतिकृती करतात. रंगवलेल्या भुशाचं जंगल, निळ्या भुकटीचा नाला, सुतळीचा रस्ता. मग जवान भोवती उभे राहतात आणि कोण कुठून जाणार हे समजावून दिलं जातं. तेच मी शाळेच्या अंगणात आणलं. सहा-सहा मुलांचा गट, गटाला सहा फूट बाय चार फूट जागा, आणि काम एकच : आपली वस्ती करायची, शाळेपासून घरापर्यंत.

सामानाला फारसा खर्च नाही. नदीची वाळू, विटांचा चुरा, सुताराकडचा भुसा, चुलीची राख, काडेपेट्या, बाटल्यांची झाकणं. भुशाला हळद, गेरू आणि कपड्यांची नीळ लावून रंग येतो. हळद आणि नीळ मिळून हिरवाही निघतो. पांढऱ्यासाठी रांगोळी घ्या, चुना मुळीच नको. डोळ्यात गेला तर महागात पडेल.

भिलाई म्हणजे सगळ्या देशातून आलेली माणसं. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली धमनभट्टी पेटली, आणि कामासाठी ओडिया, तेलुगू, बिहारी, मल्याळी, मराठी असे सगळे इथे येऊन राहिले. आमच्या शाळेतली बरीच मुलं रोजंदारी आणि ठेकेदारी कामगारांची आहेत. त्यांच्या वाळूतल्या वस्तीत कारखाना काडेपेटीएवढा होता आणि पाण्याचा नळ हातभर उंच. मी काही सुधारलं नाही. पहाटे नळावर रांग लावणाऱ्याला नळ मोठाच दिसणार.

एका गटाचा रस्ता मात्र मला कळेना. वस्तीपासून शाळेपर्यंत सरळ गल्ली आहे, पण सुतळी तलावाला वळसा घालून गेली होती आणि सरळ गल्लीवर राखेचा जाड थर होता. मी विचारलं, "हा रस्ता सरळ का नाही?" तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "ओ डहर भट्ठी हे, सर." म्हणजे त्या बाजूला दारूचं दुकान आहे. छत्तीसगडात त्याला भट्ठीच म्हणतात. मग मी बाकीचे गट पाहत गेलो. पाचपैकी तीन गटांत तीच सुतळी, तोच वळसा. तलावामागची ती वाट दुपारी पार ओसाड असते.

पालकसभेत बाईंनी आणि मी भाषण केलं नाही. आयांना अंगणात नेलं, मॉडेलभोवती उभं केलं आणि मुलांना सांगायला लावलं. बऱ्याच आया सकाळी सहालाच कामावर निघतात. पोरं कोणत्या वाटेने शाळेत जातात हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एकीने खाली बसून तलावाजवळच्या सुतळीवर बोट फिरवलं आणि लेकीला विचारलं, "रोज?" आता आळीपाळीने दोन बाया मुलांना सरळ गल्लीतून आणतात आणि नेतात. दुकान तिथेच आहे. अर्ज दिलाय, उत्तर यायचंय.

प्रश्नपत्रिकेत "तुम्ही शाळेत कसे जाता?" असं विचारलं असतं तर "पायी" एवढंच उत्तर आलं असतं.

दुसरं काम पोळ्याचं. महाराष्ट्रात श्रावणी अमावास्येला पोळा असतो. इथे पौर्णिमान्त महिना असल्याने तीच अमावास्या भादोंची, आणि सणाचं नाव पोरा. त्या दिवशी मुलांना मातीचा चाकांचा बैल मिळतो, नांदिया बैल, आणि मुलींना मातीची भांडी, जातं. विदर्भातल्या मंडळींना तान्हा पोळा आठवेल, तिथला बैल लाकडाचा. बाजारचा बैल घेण्याऐवजी आम्ही तो करतो. तलावाची माती चाळून, रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी तुडवून. मुली-मुलगे अशी वाटणी नाही, ज्याला जे हवं ते. खरी परीक्षा चाकाची. भोक ओल्या मातीतच पाडावं लागतं, आणि काडीपेक्षा बरंच मोठं, कारण माती वाळताना आकसते. हे मी आधी सांगत नाही. चाक अडकलं की मूल स्वतःच दुसरं करायला बसतं.

माती म्हटली की सरगुजातल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांचं नाव घ्यायलाच हवं. एकाकी घरात राहणारी ही बाई. लहान मुलाला खेळणी नव्हती, म्हणून तिने मातीची केली. मग भिंतींवर पक्षी, माणसं आली, उन्हाला आडोसा म्हणून बांबू-मातीची जाळी आली. 1983 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी मुलांना त्यांच्या भिंतींचे फोटो दाखवतो, पण बैल करून झाल्यावर. आधी दाखवले तर सगळे तेच पक्षी करतील.

आपल्या वर्ध्याच्या सेवाग्राममध्ये देवी प्रसाद 1944 पासून मुलांना कला शिकवत होते. शिक्षणाचा पाया म्हणूनच ते कलेकडे पाहत. 2005 च्या राष्ट्रीय आराखड्याने कला दहावीपर्यंत सक्तीची करावी असं म्हटलं. कागद भरपूर आहेत हो. शनिवारचे दोन तास मिळवणं अवघड आहे.

आता आमच्यापुढे अडचण अशी, की वार्षिक प्रदर्शन सभागृहात असतं आणि वाळू काही उचलून नेता येत नाही. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, थर्माकोलवर करा. मुलांनी ठरवलंय की पाहुण्यांनाच अंगणात आणायचं. ऊन असेल, म्हणून छत्र्या गोळा करणं चालू आहे. आतापर्यंत अकरा झाल्या.