गूळ काहिलीतून उतरल्यावर



गूळ कसा करावा हे आज मी सांगणार नाही. ते तुम्हाला आणि तुमच्या गुळव्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आज बोलायचं आहे ते गूळ काहिलीतून वाफ्यात उतरल्यानंतरचं, म्हणजे विक्रीचं.

आपल्या कोल्हापूर भागाची जुनी रीत अशी, की ३० किलोचा रवा भरायचा, पेठेत अडत्याकडे लावायचा, सौदा निघाला की पट्टी घेऊन घरी यायचं. पुढं तो रवा बहुधा गुजरातेत जातो. तो कोण खातो, त्याला आवडला की नाही, हे आपल्याला कधी कळत नाही. ही रीत वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सगळा माल एकदम खपतो, ही केवढी सोय! पण अलीकडे बरेच गुऱ्हाळवाले थोडा गूळ बाजूला काढून एक किलोच्या, अर्ध्या किलोच्या ढेपा पाडतात आणि स्वतः विकतात. अशा वेळी आपण नुसते शेतकरी राहत नाही, दुकानदारही होतो. आणि दुकानदारीचे गुणदोष सगळे आपल्या अंगाला येऊन चिकटतात.

पहिली गोष्ट रंगाची. सौद्यात पिवळाधमक रवा दिसला की बोली चढते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यापायी काहिलीत हायड्रॉसची पूड पडते. पूड टाकली की रंग उजळतो खरा, पण तो टिकत नाही. गूळ ठेवणीत पडला की पुन्हा काळवंडतो आणि गंधकाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो. अन्नसुरक्षेच्या नियमांत याला मर्यादा आहे. एक किलो गुळात सल्फर डायऑक्साइड ७० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. मूठ मोजून पूड टाकणाऱ्याला हे मोजमाप कुठलं कळणार? त्यापेक्षा भेंडीच्या खोडाचा चिकट रस घाला, मळी वेळच्या वेळी काढा. जात निवडतानाच गुळाला चांगली अशी को ९२००५ सारखी निवडली, तर निम्मं काम रानातच होतं. याबाबत कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात विचारा, सल्ला मिळतो.

आता गंमत बघा. शहरातल्या गिऱ्हाइकाला कुणीतरी सांगितलंय, की काळा गूळ तो शुद्ध. झालं! काही जणांनी रस जास्त आटवून, वर साखर मिसळून काळा गूळ काढला आणि ‘बिगर रसायनाचा’ म्हणून दामदुप्पट विकला. रंग पिवळा असो की काळा, नुसत्या रंगावर विकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या अडाणीपणावर विकणं. तुमचा गूळ तपकिरी झाला असेल, तर तो तसा का झाला हे सरळ सांगा. एक खडा हातावर ठेवा, खाऊन बघू द्या.

याहून वाईट प्रकार मी एका प्रदर्शनात पाहिला. शेजारच्या मांडणीवर पाटी होती, ‘मधुमेहींसाठी उपयुक्त गूळ’. एक आजी आल्या. साखर बंद करून महिना झाला होता, आता रोजच्या चहात हाच गूळ घालणार म्हणाल्या, आणि दोन किलो घेऊन गेल्या. बंधूंनो, गूळ म्हणजे शेवटी उसाची साखरच. मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तात तिच्यामुळं साखर वाढतेच. दोन किलोच्या पैशांसाठी म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळू नये. कुणी विचारलंच, तर ‘आधी डॉक्टरांना विचारा’ एवढं सांगा. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

माझीही एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी पुण्याच्या एका वसाहतीत नमुना नेला. सर्वांत चांगल्या उतरलेल्या काहिलीतला निवडून नेला होता. लोकांना पसंत पडला, दोन क्विंटलची मागणी आली. मी पाठवला तो तीन वेगवेगळ्या काहिलींचा. एकीचा पाक पुढं गेला होता, एकीचा कच्चा राहिला होता. आठ दिवसांत टेलिफोनवर टेलिफोन! कुणाचा गूळ पाझरलेला, कुणाचा करपट. स्वतः गेलो, घरोघर फिरून खराब ढेपा परत घेतल्या, पैसे मोजून दिले. घरची म्हणाली, ‘नमुना नेताना मधली काहील का नाही नेलीत?’ तेव्हापासून नमुना मधल्या प्रतीचाच देतो आणि ढेपेच्या चिठ्ठीवर तारीख व काहिलीचा नंबर घालतो. तक्रार आली तर कुठली काहील बिघडली ते लगेच सापडतं. त्याच वसाहतीतली निम्मी घरं पुढच्या हंगामाला पुन्हा आली.

चिठ्ठीवर आणखी काय हवं? नाव, पत्ता, निव्वळ वजन, भरल्याचा महिना व साल, किंमत, आणि तक्रार कुणाकडे करायची ते. अन्नपरवान्याची नोंदणी करून तिचा नंबरही छापा. लहान उद्योगाला ही नोंदणी सोपी आहे. ‘सेंद्रिय’ हा शब्द मात्र उगाच छापू नका. उसाला युरिया घालायचा आणि गुळाला सेंद्रिय म्हणायचं, हे चालणार नाही. दुकानातून त्या नावानं विकायचं तर प्रमाणपत्र लागतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बाहेरचा गूळ आणून त्यावर कोल्हापुरी चिठ्ठी लावणारे आपल्यातही आहेत, हे बोलायला जड जातं, पण आहेत.

ढेप पूर्ण निवल्याशिवाय कागदात बांधू नका, आत घाम सुटतो. पावसाळ्यासाठी ठेवायचा गूळ जास्त कोरडा हवा.

दराचं म्हणाल, तर शेजाऱ्याच्या दरातून पाच रुपये कमी करणं हा धंदा नव्हे. आधी हिशेब मांडा. एक टन उसाला साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ पडतो. त्यावर गुळव्या, मजुरी, कागद, खोकी, भाडं आणि फुटतूट चढवा. आणि ऊस कारखान्याला घातला असता तर जे मिळालं असतं, तेही धरा. घरचा ऊस म्हणून तो फुकट धरणारे पुष्कळ आहेत. दोन वर्षांनी त्यांना कळतं, की गूळ विकला आणि ऊस दान केला.

उधारी तर जपूनच करा. ओळखीच्या दुकानदाराला एकदम पाच क्विंटल उतरवून देण्यापेक्षा पन्नास किलो द्या. त्याचे पैसे आले की पुढचा माल. वहीत तारीख घालून त्याची सही घ्या. पावसाळ्यात पाझरलेला माल कुणी परत घ्यायचा, हेही आधीच बोलून ठेवा. नंतर भांडण्यात अर्थ नसतो, सही नसेल तर मुळीच नसतो.

वजनकाट्यावर वैधमापनाचा शिक्का चालू सालचा आहे का, तेवढं गुऱ्हाळ पेटवण्याआधी बघून घ्या. रामराम.